झाकण दीडला

आई गेली तेव्हा मागच्या खोलीत नऊ ताटल्या वाळत होत्या.

मागची खोली मुळात कपडे धुवायची. एक खिडकी, एक मोरी, आणि भिंतीला लागून बाबांनी लोखंडी सांगाड्यात विटा रचून, स्वतःच्या हाताने तारा गुंडाळून बनवलेली भट्टी. बाबांनी जन्मभर जळालेल्या विजेच्या मोटारींना नवं वाइंडिंग करून दिलं. आईने भट्टी हवी म्हटल्यावर त्यांना तीही एक मोटारच वाटली असणार, फक्त फिरायचं सोडून नुसती तापणारी. त्या भट्टीत आईने तीस वर्षं ताटल्या, वाडगे आणि पेले भाजले. चाक तिने कधी घेतलं नाही. माती लाटण्याने लाटायची, पालथ्या टोपावर बसवायची आणि कडेवरून अंगठा दाबत एक फेरी मारायची. नीट निघालेल्या ताटल्या विकल्या जायच्या. वाकलेल्या, डुगडुगणाऱ्या, फोड आलेल्या घरात राहायच्या. त्यांना ती ‘घरच्या’ म्हणायची. लहानपणी माझी समजूत होती की घरचं म्हणजे वाकडं.

शुक्रवारी ती दवाखान्यात दाखल झाली. निघताना बाबांना म्हणाली, “सोमवारी ताटल्या उलट्या करा. विसरू नका, नाहीतर कडा वर येतील.” रविवारी ती गेली. सोमवारी घर माणसांनी भरलेलं असताना बाबा मध्येच उठले, मागच्या खोलीत गेले आणि नऊच्या नऊ ताटल्या उलट्या करून परत येऊन बसले.

त्यानंतर अकरा आठवड्यांनी, एका रविवारी, दादाने जेवताना जाहीर केलं की भट्टी शनिवारी जाणार. एका शाळेतल्या चित्रकलेच्या मॅडम ती घेऊन जाणार होत्या, टेम्पो ठरला होता, माणसं ठरली होती. खोली रिकामी झाली की रंग द्यायचा. पुढचं पुढे.

“आणि ताटल्या?” मी विचारलं.

“त्या मी नेतो. काचेचं कपाट करून घेतोय. आईच्या बोटांचे ठसे आहेत त्यांच्यावर.”

“दादा, त्या कच्च्या आहेत.”

“मग?”

“मग काय? ओल्या फडक्याने पुसशील तर फडक्यात येतील.”

“पुसणार कोण आहे? काचेत राहतील.”

“भाजायला हव्यात.”

दादा हसला. वाईट नाही हसला, पण हसला. “कोण भाजणार? तू?”

हसण्यासारखंच होतं. आमच्या घरात हात न मळलेली एकटी मीच. दादाने निदान लहानपणी माती तुडवली होती. मी पुस्तकात डोकं घालून त्या खोलीच्या दारावरून जायचे, आणि आतून आई म्हणायची, “पाय सांभाळा हं बाईसाहेब, इथे कामं चालली आहेत.” तेच नाव पडलं. आजही मी तेच करते. दुसऱ्यांची पुस्तकं छापायच्या आधी वाचते आणि चुका काढते. त्यावर पोट चालतं.

“जशा ठेवून गेली तशा राहू देत,” दादा म्हणाला.

“ठेवून नाही गेली. वाळत घालून गेली.”

दादाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. बाबा बटाटा कुस्करत होते. तो कुस्करून केव्हाच झाला होता, तरी कुस्करत होते.

मी आठवडाभराची रजा काढली आणि आईच्या पलंगावर मुक्काम ठोकला.

आईची वही मला लाटण्यांच्या खोक्यात सापडली. जुन्या कॅलेंडरांची पानं कापून, दोऱ्याने शिवून केलेली. एका बाजूला छापील तारखा, दुसऱ्या बाजूला आईचं अक्षर. प्रत्येक भाजणीची नोंद होती. फक्त त्यात घड्याळ नव्हतं. पहिल्याच पानावर असं होतं:

*दादा उठला (खरा): पहिलं, झाकण फट. बा.सा. आल्या: झाकण बंद, दुसरं. धाकटीचा फोन: तिसरं. शिपाई वाकला: बंद.*

पुढची सगळी पानं थोड्याफार फरकाने अशीच.

भट्टीला तीन बटणं होती, मंद, मध्यम आणि प्रखर. शिपाई म्हणजे मातीचा बोटाएवढा सुळका. भट्टीच्या भोकातून तो दिसेल असा ठेवायचा. हवी तेवढी उष्णता झाली की तो मान वाकवतो, तेव्हा सगळं बंद करायचं. एवढं मला येता-जाता कानावर पडून ठाऊक होतं. सुरुवातीला झाकणाखाली खापरीचा तुकडा घालून फट ठेवतात, मातीतलं उरलंसुरलं पाणी वाफ होऊन जावं म्हणून, हेही ठाऊक होतं. राहिल्या वेळा. त्या आमच्याच होत्या.

“बाबा, दादा सकाळी किती वाजता उठायचा?”

“खरा की खोटा?”

“खरा.”

“नऊ.”

कॉलेजात असताना दादा दोनदा उठायचा. एकदा “उठलो” म्हणायला आणि एकदा उठायला. आता तो पहाटे पाचला उठतो आणि तसं चारचौघांना सांगतो.

धाकटी म्हणजे मावशी. तिचा फोन रोज चारला यायचा आणि अजूनही येतो, आता बाबांना. राहिले मी, म्हणजे बा.सा. माझी शाळा सकाळची, बाराला सुटायची. शाळेपासून घर दहा-पंधरा मिनिटांवर. मी सव्वाबारा लिहिलं आणि सवयीप्रमाणे तीनदा तपासलं.

मंगळवारी नऊला मी चार ताटल्या भट्टीत लावल्या. कच्ची ताटली हातात घेतली की कळतं, ती ताटली नाहीच, नुसता ताटलीचा आकार धरून बसलेली धूळ आहे. मी श्वाससुद्धा बाजूला तोंड करून घेत होते. पहिलं बटण लावलं, फट ठेवली. सव्वाबाराला खापरी काढली, झाकण बंद केलं आणि दुसरं बटण लावलं.

पावणेएकला आतून आवाज आला. मोठा नव्हता. बंद पेटीत कुणी अक्रोड फोडावा तसा. मग दुसरा. बाहेरच्या खोलीत बाबांनी रेडिओचा आवाज कमी केला. तिसरा आवाज आल्यावर त्यांनी तो पूर्ण बंद केला.

मी भट्टी बंद केली नाही. काय करावं कळत नव्हतं हे एक, आणि चौथी ताटली अजून आत होती हे दुसरं. चारला फोन वाजला.

“कोण? बाईसाहेब? तू काय करतेस तिथे?” मावशी म्हणाली.

“भट्टी लावलीय.”

“अगं, एवढी शिकलीसवरलीस आणि भट्टीत डोकं घालतेस? चष्मा वितळेल!”

“मावशी, जरा थांब. तिसरं बटण लावायचंय.”

“आत्ता? मी बोलत असताना?”

“तू बोलायला लागलीस की लावायचं असतं. आईने लिहून ठेवलंय.”

ती म्हणाली, “तरीच. फोन लावला की दर दोन-चार दिवसांनी ‘थांब गं जरा’ म्हणून पळायची. तीस वर्षं मला वाटत आलं, तिचं दूध उतू जातंय.” तिने नाक ओढलं. “मी म्हणायचे, किती वेंधळी बाई, एवढं दूध वाया घालवते.”

बुधवारी भट्टी निवल्यावर झाकण उघडलं. तीन ताटल्यांचे तुकडे झाले होते आणि चौथी, तुकडे लागून, कडेपासून मध्यापर्यंत तडकली होती. तुकडे पक्के भाजले गेले होते. नखाने वाजवले तर खणखणीत वाजत होते.

दादाला बाबांनी सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. मावशीने सांगितलं. तो संध्याकाळी ऑफिसमधून तडक आला. पायातले बूटही काढले नाहीत.

“चार फोडल्यास?”

“तीन फुटल्या. एक तडकली.”

“वा! इथेही चूक दुरुस्त कर माझी!” त्याने टेबलावर पसरलेल्या खापऱ्यांकडे पाहिलं. “नऊ होत्या. आईच्या शेवटच्या नऊ. तुला सांगितलं होतं, हात लावू नकोस. तुला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, कधी कळून घेतलं नाहीस, आणि आता ती नसताना तुला उमाळा आलाय.”

“खरंय,” मी म्हणाले.

खरं होतं तर काय म्हणणार? पण खरं असल्यामुळे माझं म्हणणं बदलत नव्हतं. “उरलेल्या पाच मी शुक्रवारी भाजणार आहे.”

“डोकं फिरलंय तुझं. समजा निघाल्या, तरी झिलई? झिलईशिवाय त्या पाणी पिणार. ती लावून पुन्हा भाजावं लागतं, एवढं तरी माहितेय का बाईसाहेबांना? भट्टी शनिवारी जातेय.”

“माहितेय.”

“मग कशासाठी? ना काचेत ठेवता येणार, ना त्यात जेवता येणार!”

“आईने काचेत ठेवायला एकतरी ताटली केली का, दादा? कुणी कपाटात ठेवली असं कळलं तर तिला राग यायचा. आठवतंय? त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सहा ताटल्या कपाटातून काढायला लावल्या होत्या तिने, आणि त्यांना त्यातच चहाबरोबर बिस्किटं द्यायला लावली होती.”

दादाच्या तोंडाची एक बाजू हलली. हसू यायच्या आत त्याने ते आवरलं. त्याने खापऱ्यांतून एक तुकडा उचलला. त्याच्या कडेवर आईच्या अंगठ्याचा खळगा होता. तो त्याने खिशात टाकला. मग मागच्या खोलीत गेला, भट्टीच्या बोर्डावरचा फ्यूज खेचून काढला आणि तोही त्याच खिशात टाकला.

“आता भाज,” असं म्हणून तो निघून गेला.

गुरुवारी मी दिवसभर वही वाचली. पहिल्यांदा मी ती नेमकं काम काढून घ्यायला वाचली होती, कामावर वाचते तशी. आता पान न गाळता वाचली. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका जूनच्या पानामागे, एरवीच्या नोंदींमध्ये, ही ओळ होती:

*वाचनालय बंद. बा.सा. सव्वाबारालाच घरी. झाकण तरी दीडलाच.*

सगळ्या वहीत घड्याळ आहे ते ह्या एका ओळीत.

माझी शाळा बाराला सुटायची हे खरं. पण शाळेच्या पुढच्याच गल्लीत वाचनालय होतं, आणि तिथे खिडकीखाली एक बाक होता. मी रोज तिथे तासभर, कधी सव्वा तास बसायचे आणि दीडला घरी पोचायचे. घरी सांगायचे, जादा तास होता. सहा वर्षं मला रोज जादा तास होता. आई म्हणायची, “फार शिकवतात हो तुमच्या शाळेत.” मला वाटायचं, खपलं. पुढे मीही ते इतकं पक्कं विसरले की हिशोबाला बसले तेव्हा माझ्या हातून शाळेची घंटा लिहिली गेली. माझी वेळ नाही.

वाचनालयाचं मी आईला कधीच सांगितलं नव्हतं.

मी वही मिटली. बाहेर बाबा वर्तमानपत्राची घडी घालत होते. त्यांना म्हटलं, “सव्वा तास कमी पडला. झाकण दीडला लावायचं होतं.”

“हो का,” बाबा म्हणाले. आणि घडी बाजूला ठेवत, “तू यायचीस तेव्हा.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला काय माहीत? मी कामावर.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “ती म्हणायची, पोरगी वाचतेय तोवर माझी माती सुकते.”

शुक्रवारी सकाळी मी मागच्या खोलीत गेले तर बाबा बोर्डासमोर स्टूल टाकून त्यावर उभे होते. तोंडात तारेचा तुकडा, हातात पेचकस. खाली त्यांची अवजारांची पेटी उघडी होती. तिच्यात वेगवेगळ्या मापांचे सात फ्यूज मी मोजले.

“स्टूल धर,” ते म्हणाले. मी धरलं. त्यांनी तार पिळली, फ्यूज जागेवर दाबला आणि खाली उतरले. “मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या घरातून फ्यूज घेऊन जातो,” ते म्हणाले. “कुणाचं पोरगं आहे कोण जाणे.”

अकरा आठवड्यांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद. त्यांना तो आवडलेला दिसला, कारण चहा पिताना त्यांनी तो पुन्हा केला.

नऊला पहिलं बटण लावलं, खापरीची फट ठेवली. फटीजवळ आरसा धरला की त्यावर वाफ धरत होती. बाराला धरला, धरली. सव्वाबाराला मी आरसा घेऊन उभीच होते, आणि तो अजून धुरकट होत होता. मंगळवारी ह्याच वेळी मी एवढं पाणी आत कोंडलं होतं. एकला थोडी. दीडला आरसा स्वच्छ राहिला आणि त्यात माझा चष्मा दिसला. मी झाकण लावलं, दुसरं बटण फिरवलं आणि जमिनीवर बसून राहिले. पावणेदोन. दोन. अडीच. बाबांनी रेडिओ लावला नव्हता. तीनला त्यांनी लावला.

चारला फोन आला.

“लाव बटण आधी,” मावशी म्हणाली. “मी थांबते.”

दिवे लागायच्या सुमारास शिपायाने मान टाकली. मी भट्टी बंद केली. बाबा म्हणाले, आता सकाळपर्यंत हात लावायचा नाही. आम्ही दोन-दोन अंडी उकडून खाल्ली, घरच्या ताटल्यांत. त्या सवयीप्रमाणे डुगडुगल्या.

शनिवारी सकाळी दादा आणि टेम्पो एकाच वेळी आले. मॅडम पुढे बसून आल्या होत्या, मागे तीन माणसं आणि दोरखंड. मॅडम चटपटीत होत्या, गळ्यात चष्मा, हातात मापाची टेप. आल्याआल्या त्यांनी दाराची रुंदी मोजली. दादाने बोर्डावरचा फ्यूज पाहिला, मग बाबांकडे पाहिलं. बाबांनी खिडकीतून टेम्पोकडे पाहिलं.

मी झाकण उचललं. भट्टी अजून कोमट होती. पाच ताटल्या होत्या, पाचही अखंड, फिकट गुलाबी, कोरड्या. मी एकेक काढून टेबलावर ठेवली. तीन सपाट बसल्या. दोन डुगडुगल्या.

“दोन घरच्या,” बाबा म्हणाले.

मॅडमनी एक उचलून नखाने वाजवली. “छान भाजल्यात. आतली तार किती गेजची आहे? माणसांना बोलावते आत.”

“बोलावू नका,” मी म्हणाले. “भट्टी द्यायची नाहीये.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती इथे राहणार आहे. तुम्हाला आज त्रास झाला, त्याबद्दल माफ करा. टेम्पोचं भाडं मी देते.”

“अहो, ह्यांनी महिनाभर आधी शब्द दिलाय!” त्यांनी दादाकडे हात केला. “मी मुलांना सांगून बसलेय. ही काय चेष्टा आहे?”

“चेष्टा नाही. शब्द त्याने दिला, मोडतेय मी. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.”

मॅडम माझ्यावर व्यवस्थित रागावल्या. त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही वेळ पाळत नाही, आम्हाला कामाची किंमत नाही, आणि घरात एकमत करून मग बाहेरच्यांना बोलवायचं असतं, हे सगळं त्यांनी जिना उतरेपर्यंत ऐकवलं. टेम्पो रिकामा गेला.

दार लागल्यावर दादा वळला. “तू भट्टी चालवणार?”

“हो.”

“तू. बाईसाहेब.”

“हो.”

“झिलई येते तुला?”

“नाही.”

“माती मळता येते?”

“नाही.”

“मग काय येतं काय तुला?”

“झाकण लावता येतं,” मी म्हणाले. “झिलईची पानं वहीत आहेत. तीही अशीच आहेत, तुझ्या-माझ्या येण्याजाण्यावर. एका ठिकाणी लिहिलंय, दादाच्या दाढीच्या पाण्याइतकं कोमट. ते मला तुला विचारावं लागणार आहे.”

“मी सांगणार नाही.”

“नको सांगूस. आणखी चार फोडेन. मग आणखी चार. माती लाटायला शिकेन आणि त्याही फोडेन. पण ही खोली रंगवायची नाही, भट्टी हलवायची नाही, आणि आईची एकही ताटली काचेत जायची नाही. ह्या पाचांना झिलई लागेल आणि आपण त्यांत जेवू. फुटली तर जेवताना फुटेल.”

“बाबा, तुम्ही काही बोलणार आहात का?” दादा म्हणाला.

बाबांनी विचार केला. “तिसऱ्या बटणाची तार बदलायला झालीय,” ते म्हणाले. “आता करायचंच आहे तर नीट करू.”

दादा बराच बोलला. आईला मी शेवटच्या वर्षात किती वेळा भेटायला आले ते त्याने मोजून सांगितलं. आकडा बरोबर होता. मी तो दुरुस्त केला नाही. उभ्या जागेवरून हललेही नाही. बोलून संपल्यावर त्याने टेबलावरच्या दोन घरच्या ताटल्यांपैकी जास्त वाकडी होती ती उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि काखेत मारून निघाला. विचारलं नाही. दारातून वळून म्हणाला, “झिलईला घेऊन येईन. माझ्यासमोर लावायची.” आणि दार आपटलं.

दुपारी मी वहीतलं शेवटचं भरलेलं पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं, त्याच्या मागे ह्याच वर्षाचा एप्रिल. पेन हातात घेतल्यावर नऊ, दीड, चार असे आकडे लिहिणार होते. ते सोडून दिले आणि लिहिलं:

*बाबांनी तार घातली: पहिलं, झाकण फट. बा.सा. घरीच. झाकण तरी दीडलाच, दुसरं. धाकटीचा फोन: तिसरं. शिपाई वाकला: बंद. पाच निघाल्या, घरच्या दोन. दादा भांडून गेला, एक घेऊन. भट्टी इथेच.*